दसऱ्याआधीचं सेटिंग

श्यामकांत सावे हा माणूस नोंद केल्याशिवाय शिंकतसुद्धा नाही, असं त्यांच्या घरात म्हणत. म्हणत म्हणजे त्यांची बायको जयमाला म्हणे, आणि तिला तो अधिकार होता. रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या माणसाचा संसार तिने बत्तीस वर्षं केला होता. दूधवाला किती वाजता आला, गॅसची टाकी कधी लावली, पंख्यात तेल कधी घातलं, सगळं वहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी वही सुटली नव्हती. फक्त वहीतले विषय किरकोळ झाले होते, आणि हे त्यांना आतून फार लागत होतं.

म्हणून कासा इथल्या हक्क केंद्रातून बोलावणं आलं तेव्हा ते दोन दिवस डहाणूच्या घरात गुणगुणत फिरले. केंद्र चालवत होत्या नीलमताई. मूळच्या तलासरीच्या, पंचेचाळिशीच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. जंगलातली जमीन पिढ्यानपिढ्या कसणाऱ्यांचे दावे भरायचे, त्यांचे कागद स्कॅन करायचे आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांचे जबाब कॅमेऱ्यासमोर घ्यायचे, हे केंद्राचं काम. कागदाला वाळवी लागते, म्हातारा आज आहे उद्या नाही, म्हणून सगळं पेटीत भरून ठेवायचं. पेटी म्हणजे सहा डिस्का बसवलेला एक काळा लोखंडी डबा. ती सांभाळायला कोणी तरी नीटनेटका माणूस हवा होता, आणि नीटनेटकेपणात श्यामकांतांचा हात धरणारा अख्ख्या तालुक्यात नव्हता, असं निदान त्यांचं स्वतःचं मत होतं.

त्या पेटीची गंमत अशी, की कुठलीही चित्रफीत एका डिस्कवर अख्खी नसे. तिचे तुकडे सहाही डिस्कांवर वाटलेले असत. एक लांबलचक वाक्य सहा माणसांना शब्द शब्द वाटून द्यावं आणि त्यांनी ओळीत उभं राहून ते म्हणावं, तसा प्रकार. सगळे आपापल्या जागी असतील तर वाक्य, नाही तर नुसता गलका. कोण कुठे उभा, हे लक्षात ठेवणारं एक कार्ड पेटीत होतं, त्याला कंट्रोलर म्हणत. त्या कार्डाचं सगळं सेटिंग एका छोट्या फाइलीत उतरवून ठेवता येई. उद्या कार्ड मेलंच, तर नवं आणायचं, ती फाइल त्याच्यात भरायची, की जुन्याची आठवण नव्याला आली.

श्यामकांतांना ही कल्पना इतकी आवडली, की त्यांनी वहीच्या आतल्या पुठ्ठ्यावर लाल शाईने लिहिलं : ‘पेटीत कोणताही बदल झाल्यास सेटिंगची नवी फाइल त्याच दिवशी.’ खाली दोन रेघा मारल्या. गणपतीच्या आधी पेटीतली एक डिस्क बदलली, तेव्हा संध्याकाळच्या आत नवी फाइल तयार करून, पेन ड्राइव्हवर घालून, कपाटाच्या चोरकप्प्यात ठेवली आणि नोंद केली. कागदांच्या प्रती वेगळ्या डिस्कवर होत्याच. चित्रफिती मात्र फार मोठ्या, त्यांना मोठी डिस्क लागणार होती. ती पुढच्या महिन्यात येणार होती. ती कायम पुढच्याच महिन्यात येणार होती.

मग आला दसरा. रेल्वेत असताना श्यामकांत दसऱ्याला सिग्नलच्या खोलीत पूजा मांडत. हत्यारं, मीटर, चाव्यांचे जुडगे, सगळं पुसून पाटावर. इथे कासालाही त्यांनी हौसेने पूजा मांडली. पेटी बंद केली, सहाच्या सहा डिस्का बाहेर काढल्या, कोरड्या फडक्याने पुसल्या, पाटावर झेंडूच्या मधोमध छान गोल मांडल्या. प्रत्येकीला बाहेर ओढायची जी मूठ असते, तिला हळदकुंकवाचं बोट लावलं. नीलमताईंनी नारळ फोडला, आपट्याची पानं ठेवली, पेढे वाटले. मग श्यामकांतांनी डिस्का हाताला येतील तशा उचलल्या आणि पुन्हा पेटीत सरकवल्या. खण सहा, डिस्का सहा, दिसायला सगळ्या जुळ्या बहिणी. पेटी चालू केली तर सगळे दिवे हिरवे. कारण प्रत्येक डिस्क स्वतःची खूण अंगावर बाळगून असते, आणि कार्ड जिवंत असेपर्यंत ती खूण ओळखून त्याने मुकाट्याने सांभाळून घेतलं. फीत लावून पाहिली, चालली. सगळे घरी गेले.

त्या दिवशी वहीत काहीच लिहिलं गेलं नाही. देवाच्या कामाची कोणी नोंद करतं का? पूजा म्हणजे काही बदल नव्हे.

केंद्रात बाजाराच्या दिवशी एक बाई यायची. नाव बारकी. वय पन्नाशीचं, कैनाडकडच्या पाड्यावरची. भाजी विकून झाली की टोपली दाराशी ठेवायची आणि आत येऊन भिंतीला टेकून बसायची. नीलमताई न विचारता तिच्या बापाची फीत लावून द्यायच्या.

बारकीचा नवरा लडक्या चार वर्षांपूर्वी वारला. त्याच्या बापापासून कसलेला दीड एकराचा प्लॉट, त्यावर नागली आणि भात, त्यावरच घर चाललेलं. जंगल खात्याने अतिक्रमण म्हणून केलेल्या दंडाच्या जुन्या पावत्या, म्हणजे कसत असल्याचा पुरावा, छपरात ठेवलेल्या, त्या वाळवीने खाल्ल्या. स्कॅन करायला आणल्या तेव्हा पिशवीतून नुसता भुसा निघाला. पुराव्याअभावी दावा एकदा फेटाळला गेला होता. आता वरती अपील होतं, आणि त्या अपिलात पुरावा म्हणून एकच गोष्ट होती : बारकीचा बाप जिव्या याचा सतरा मिनिटांचा जबाब. हा जिव्या लडक्याच्या बापाबरोबर त्या जमिनीवर नांगर धरलेला माणूस. जबाब दिला आणि पौषात तो गेला. त्यामुळे ती फीत हाच प्लॉट होता, असं म्हटलं तरी चालेल. ती असली तर जमीन, नसली तर नाही.

बारकी मात्र फीत बघायला यायची ती प्लॉटसाठी नव्हे. पडद्यावर बाप बोलू लागला की तीही ओठ हलवायची. मध्येच तो खोकायचा, तेव्हा पदर तोंडाशी धरायची. संपलं की उठायची.

“दादा, तू बरा ठेवलास त्याला,” ती श्यामकांतांना म्हणायची. त्या पट्ट्यात सगळ्यांनाच ‘तू’ म्हणतात, कलेक्टर आला तरी. “घरात ठेवला असता तं उंदरांनी खाल्ला असता.”

श्यामकांतांना हे बोलणं फार गोड लागे. बत्तीस वर्षांत हजारो गाड्या त्यांनी सुखरूप सोडल्या होत्या, पण एकाही गाडीतल्या माणसाने खाली उतरून त्यांना बरं केलंत म्हटलं नव्हतं.

चैत्रात उन्हाचा कहर झाला. विजेचा खेळखंडोबा चालू होता. एका गुरुवारी दुपारी वीज गेली, आली, परत गेली, आणि परत आली तेव्हा पेटीचे सगळे दिवे लाल होते. कार्ड मेलं होतं. बारकीची सुनावणी सोमवारी डहाणूच्या कचेरीत होती. फितीची प्रत काढून त्या दिवशी अपील ऐकणाऱ्या साहेबांपुढे ठेवायची होती, आणि ती काढायचं काम नेमकं शुक्रवारवर टाकलेलं होतं.

श्यामकांत घाबरले नाहीत. खरं सांगायचं तर ते खुलले. ह्याच दिवसासाठी तर फाइल होती. त्यांनी वापीच्या दुकानातून त्याच जातीचं कार्ड मागवलं, शुक्रवारी सकाळी स्वतः जाऊन आणलं, बसवलं, आणि चोरकप्प्यातला पेन ड्राइव्ह काढून नीलमताईंना दाखवला.

“ताई, ह्याला म्हणतात तयारी.”

फाइल भरायला घेतली. अर्ध्यावर यंत्र थांबलं आणि पडद्यावर प्रश्न आला. डिस्कांच्या अंगावरच्या खुणा सांगतात एक, फाइलीतल्या जागा सांगतात दुसरंच. काय खरं धरू?

नीलमताई शेजारीच उभ्या होत्या. “काका, थांबू या का? ज्यांनी पेटी बसवून दिली त्यांना विचारू.”

“ते मंगळवारशिवाय येणार नाहीत. सोमवारचं काय?”

“तरी पण. हे असं का विचारतंय?”

“नवं कार्ड आहे, गोंधळलंय,” श्यामकांत म्हणाले. “ताई, सिग्नलमध्ये एक नियम आहे. डोळ्याला हिरवा दिसला आणि वहीत लाल असला, तर वही खरी. फाइल मी स्वतः केलेली आहे, तारखेसकट नोंद आहे. यंत्राच्या मनातलं कोण बघायला गेलंय?”

त्यांनी ‘फाइल’ निवडलं. यंत्राने आज्ञा पाळली. सहाही डिस्कांवरच्या जुन्या खुणा पुसून फाइलीप्रमाणे नव्या लिहिल्या. दिवे हिरवे झाले. पेटी दिसू लागली, पण उघडेना. पुन्हा प्रश्न आला : आतल्या नोंदींमध्ये दोष आहे, दुरुस्त करू का?

इथे थांबायला हवं होतं. अजूनही काही बिघडलं नव्हतं, हे नंतर कळलं. वाक्याचे शब्द जसेच्या तसे होते, फक्त माणसं उलटसुलट उभी होती. जाणत्याने त्यांना पुन्हा ओळीत उभं केलं असतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नीलमताई पुन्हा काही बोलणार तोच श्यामकांतांनी हात वर केला आणि ‘हो’ दाबलं.

पाच तास दुरुस्ती चालली. यंत्र आपल्या समजुतीने चुकीच्या जागी चुकीचे तुकडे जोडत गेलं, न जुळणारे फेकत गेलं, वर नवं लिहीत गेलं. संध्याकाळी साडेसहाला शंभर टक्के झालं. श्यामकांतांनी फीत उघडली. राखाडी पडदा. दुसरी उघडली. राखाडी. शंभरावर जबाब होते, त्यांतले वीसएक उघडून पाहिले, सगळे राखाडी. एखादी डिस्क नीट बसली नसेल म्हणून त्यांनी पहिल्या खणातली ओढून बाहेर काढली. तिच्या मुठीवर कुंकवाचं सुकलेलं बोट होतं.

ते खुर्चीवर बसले. दसऱ्याचा पाट, गोल मांडलेल्या डिस्का, हाताला येतील तशा उचललेल्या, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. फाइल गणपतीच्या आधीची. अदलाबदल दसऱ्याची. वहीत अवाक्षर नाही.

“काय झालं काका?” नीलमताईंनी विचारलं.

“दोष मोठा आहे,” ते म्हणाले. “डिस्का मुंबईला पाठवायला लागतील. तिथे काढून देतात.”

हे काही अगदी खोटं नव्हतं. शनिवारी डिस्का मुंबईच्या एका वर्कशॉपला गेल्या. सोमवारी नीलमताईंनी साहेबांपुढे हात जोडले, पुराव्याचं यंत्र दुरुस्तीला गेलंय म्हणून सांगितलं, आणि साहेबांनी तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. बारकी त्या दिवशी डहाणूला आली होती. तिला नीलमताईंनी समजावलं, मशीन आजारी आहे.

“माणूस आजारी पडतां, मशीनबी पडल,” बारकी म्हणाली आणि आल्या पावली परत गेली.

गुरुवारी वर्कशॉपचं पत्र आलं. ते श्यामकांतांच्या मेलवर आलं, कारण पत्ता त्यांनी आपलाच दिला होता. डहाणूच्या एका दुकानात त्यांनी ते छापून घेतलं आणि स्टेशनाबाहेरच्या बाकावर बसून वाचलं. डिस्कांची अदलाबदल झालेली होती, ती आम्ही ओळखून लावू शकलो असतो, असं त्यात होतं. परंतु त्यानंतर वापरणाऱ्याने चुकीच्या क्रमावरच दुरुस्ती चालवल्यामुळे मूळ मजकुरावर नवं लिखाण झालं आहे, फिती परत मिळणार नाहीत. फक्त ज्या नावांचा माग लागला त्यांची यादी सोबत जोडत आहोत. यादीत त्रेचाळीस नंबरला होतं : जिव्या, कैनाड. तारीख. सतरा मिनिटं.

त्यांनी पत्राची चौघडी केली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. आणि कोणाला काही सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याला काही मोठं कारण नाही. भ्याले. बत्तीस वर्षांत ज्याला एक मेमो मिळाला नाही, त्याने चौसष्टाव्या वर्षी येऊन शंभर म्हाताऱ्यांची तोंडं कायमची बंद केली, हे स्वतःच्या तोंडाने कसं म्हणायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणखी एखादं वर्कशॉप असेल, पुण्याला असेल, काहीतरी निघेल, असं ते स्वतःला सांगत राहिले. त्यांनी एक-दोन ठिकाणी फोनही केले. तिथूनही तेच उत्तर आलं. नीलमताई रोज विचारत, आणि ते रोज म्हणत, अजून काही आलं नाही.

पुढच्या बाजाराला बारकी आली. टोपली दाराशी ठेवून आत आली, रिकाम्या टेबलाकडे बघत भिंतीला टेकून बसली. नीलमताई बाहेर पाड्यांवर गेल्या होत्या. खोलीत दोघंच.

“दादा, मशीन बरा होल का?”

श्यामकांत कागद लावत होते. त्यांनी मान वर केली नाही. “होईल,” ते म्हणाले.

“तारखेच्या आदी?”

“होईल म्हटलं ना.”

तिने पदर सावरला. मग म्हणाली, “माना काय करायचा हाय का? कुठ जायाचा, कोणाला भेटायचा? तू सांगशील तसा करीन. आता हाताला काम नाय, मोकळीच हाय.”

“तुम्ही काही करू नका, बारकीताई. निवांत राहा,” श्यामकांत म्हणाले.

हे मात्र पुरतं खोटं होतं, आणि बोलताना त्यांना ते ठाऊक होतं. बारकीने त्यांच्या टेबलावर वालाच्या शेंगांची जुडी ठेवली आणि गेली. त्या शेंगा त्यांनी घरी नेल्या नाहीत.

घरी जयमालाच्या ध्यानात आलंच. बायका नवऱ्याचा चेहरा वाचतात हे खरं असेल नसेल, पण तिने वही वाचली.

“दोन आठवडे झाले, काही लिहिलेलं नाही,” ती म्हणाली. “गॅसची टाकी मी लावली, तीही नाही. कोणाचं काय बिघडवून ठेवलंत?”

त्यांनी तिला सांगितलं. सगळं नाही, पण पुरेसं. ती भाजी निवडत होती, तिचा हात थांबला.

“त्या बाईला ठाऊक आहे?”

“नाही.”

“मग आजच्या आज जा आणि सांगा. ती तुमच्यावर अवलंबून बसलीय.”

“सोमवारी सुनावणीलाच सांगतो,” ते म्हणाले. “आधी सांगून काय उपयोग? गेलेली फीत थोडीच परत येणार आहे?”

जयमालाने भाजी उचलली आणि आत गेली. तो शुक्रवार होता.

सोमवारी डहाणूच्या कचेरीत माणसांची ही गर्दी. पंखे गरम वारा ढवळत होते. बारकी धुवट लुगडं नेसून आली होती, केसांना तेल लावून. साहेब चाळिशीचे, दमलेले, पण माणूस वाईट नव्हता. त्यांनी बारकीला समोर बसायला खुर्ची दिली. ती कडेकडेने बसली.

“पुरावा आणलाय?” साहेबांनी विचारलं.

नीलमताईंनी श्यामकांतांकडे पाहिलं. श्यामकांत खाली बघत होते. “साहेब, यंत्र अजून दुरुस्त झालेलं नाही,” नीलमताई म्हणाल्या. “आणखी थोडी मुदत मिळाली तर...”

“ताई, रोज हेच ऐकतो. वाळवी, पूर, यंत्र. अशी फीत होती तरी, हे मी कशावरून धरायचं?”

तेव्हा बारकी म्हणाली, “होती. मी सांगतां.” आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने हात मांडीवर ठेवले आणि बोलायला लागली.

“मी जिव्या. माझा वय माना ठाव नाय. ह्या माझ्या व्याह्याचा प्लॉट. ओहळापासून ऐनाच्या झाडापर्यंत, मंग मोठ्या दगडापर्यंत. आमी दोघांनी पालापाचोळ्याचा राब भाजला, नांगर मी धरला, बैल एक त्याचा एक माझा. फारेस्टवाला आल्ता. कोंबडी घेऊन गेला, पावती देऊन गेला. तवा माझी बारकी पोटाशी होती, पयल्या पोराला. आता त्या पोराला पोर हाय.” इथे ती थांबली आणि खोकली, बाप खोकायचा तशीच, दोनदा. मग पुढे सुरू झाली.

श्यामकांतांनी तो जबाब कितीदा ऐकला होता. एक शब्द इकडचा तिकडे नव्हता. जे सहा डिस्कांना सांभाळता आलं नाही, ते ती बाई भाजीच्या टोपल्यांबरोबर डोक्यावर घेऊन फिरत होती.

साहेबांनी पेन खाली ठेवून सगळं ऐकलं. मग सावकाश म्हणाले, “बाई, तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण बापाचं बोलणं तुमच्या तोंडून मला लिहून घेता येत नाही. दावा तुमचाच आहे ना? ज्याने बघितलं त्याने बोलायला पाहिजे. नाही तर ती फीत पाहिजे.”

श्यामकांत उठले. खिशातलं पत्र काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. घामाने त्याच्या घड्या मऊ झाल्या होत्या.

“साहेब, फीत होती. यात नाव आहे. त्रेचाळीस नंबर.”

साहेबांनी पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. “वापरणाऱ्याने केलेल्या दुरुस्तीमुळे नष्ट. वापरणारा कोण?”

“मी.”

“म्हणजे यंत्र दुरुस्त होणारच नाहीये?”

“नाही साहेब.”

साहेबांनी पत्राच्या माथ्याकडे पाहिलं. “ही तारीख तर अठरा दिवसांपूर्वीची आहे.” त्यांनी श्यामकांतांकडे असं पाहिलं, की त्यांना भर कचेरीत कपडे काढल्यासारखं वाटलं. “यादीतल्या नावावर मला जमीन देता येत नाही. यात नुसतं नाव आहे, जबाब नाही. बाई, दुसरा कोणी जुना माणूस आहे का? ज्याने ते शेत तेव्हा बघितलं असा? असला तर त्याला आणा, मी आजही त्याचा जबाब घेतो.”

बारकीला एवढं सगळं एकदम कळलं नव्हतं. ती साहेबांकडून श्यामकांतांकडे आणि श्यामकांतांकडून त्या कागदाकडे बघत होती.

“हाल्या होता,” ती म्हणाली. “बाचा जोडीदार. त्याचा शेत शेजारलाच, मदी नुसता बांध. तो कालचा नाय, त्याच्या आदल्या रविवारी गेला.”

“आजारी होते?”

“म्हातारा होता. पन बोलत होता सारा.” मग ती श्यामकांतांकडे वळली. आवाज चढला नव्हता. तिला खरोखरच समजून घ्यायचं होतं. “दादा, ह्यो कागुद तुला कवा आला?”

“बाजाराच्या आधी,” श्यामकांत म्हणाले. “तुम्ही शेंगा आणल्यात त्याच्या आधी.”

बारकीने डाव्या हाताची बोटं उघडली आणि उजव्या हाताच्या बोटाने पेरं मोजायला लागली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. एका पेरावर थांबे, आठवून पाही, पुढे जाई. कचेरीत कोणी तिला घाई केली नाही. एक बोट संपलं, दुसरं घेतलं. रविवारवर येऊन ती थांबली.

“तवा हाल्या होता,” ती म्हणाली. “दहा दीस होता. मी रोज त्याला पेज देत होती. उचलून आनला असता.”

श्यामकांत वाट बघत राहिले, की आता ती शिव्या घालील, रडेल, अंगावर येईल. त्यांना ते हवंच होतं. पण ती तशीच बोटांकडे बघत बसली, मोजण्यात काही चुकलं तर नाही ना, म्हणून पुन्हा पहिल्या पेरापासून मोजू लागली.

साहेबांनी निकाल लिहिला. पुरावा सादर नाही, अपील अमान्य. कारकुनाने शाईचा पॅड पुढे केला. बारकीने अंगठा कुठे लावायचा ते विचारलं, लावला, आणि पॅडची शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात अंगापासून लांब धरून उठली. कारकुनाने पुढचं नाव पुकारलं.